पानावर बोट ठेवून बोला

वाचकांचे प्रश्न

‘वाचलेल्या पुस्तकावर तुमचं मत कळवा’ असं आवाहन या सदरातून केलं, तेव्हा मतांइतकेच प्रश्नही आले. त्यांत शाळेतली लेकरं आहेत, ग्रंथपाल आहेत, घरकाम आटोपून दुपारी वाचणाऱ्या बाया आहेत, निवृत्त मंडळीही आहेत. वयं निरनिराळी असली तरी अडचण बरीचशी एकच दिसते : पुस्तक आवडलं की नाही हे कळतं, पण त्यापुढे बोलता येत नाही. शाळा, सार्वजनिक वाचनालयं आणि वाचनगट यांत लोकांना पुस्तकांवर बोलतं करण्याचं काम करणाऱ्यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

चौथीच्या वर्गात ‘पुस्तकाबद्दल सांगा’ म्हटलं की प्रत्येक मूल गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतं आणि शेवटी ‘मला हे पुस्तक खूप आवडले’ जोडतं. मत कसं काढून घ्यायचं?
— प्राथमिक शिक्षिका, वसमत

‘सांगा’ म्हटल्यावर मूल गोष्टच सांगणार, त्याचं काही चुकत नाही. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नालाही ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. पुस्तक उघडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, असे प्रश्न विचारा. आमच्या अनुभवात तीन प्रश्न हमखास चालतात. कोणत्या पानावर थांबलास किंवा मागं जाऊन परत वाचलंस? कोणतं पात्र आधी आवडलं नव्हतं आणि नंतर आवडलं (किंवा उलट), आणि हा बदल कुठल्या पानावर झाला? लिहिणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा असेल तर काय विचारशील?

उत्तर लिहायला पोस्टकार्डाएवढा कागद द्या, १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. चौथीच्या अक्षरात त्यावर चाळीस-पन्नास शब्द मावतात, आणि तेवढ्या जागेत सगळी गोष्ट बसत नाही, म्हणून मूल आपोआप एक जागा निवडतं. वर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. पहिलं वाक्य ‘पान क्रमांक इतकं...’ असंच सुरू झालं पाहिजे, एवढा एकच नियम ठेवा. ‘पान १२ वर शेळी हरवते तेव्हा घरातलं कुणीच तिला शोधत नाही, मला राग आला’ हे पूर्ण मत झालं. त्याच्यापुढे तात्पर्य नको. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो’ हा प्रश्न विचारला की मूल स्वतःचं बोलायचं थांबवतं आणि तुम्हाला हवं ते उत्तर शोधू लागतं.

दोन गोष्टींनी हा प्रयोग फसतो. पहिली म्हणजे लाल पेन. या कागदांवर शुद्धलेखन तपासलं, तर मूल पुढच्या वेळी स्वतःला बिनचूक लिहिता येतील असेच शब्द वापरतं आणि मत आक्रसतं. शुद्धलेखनासाठी दुसरी वही असू द्या. दुसरी गोष्ट वेळेची. वाचून झाल्या झाल्या विचारलं तर फक्त शेवट आठवतो, आठवड्यानं विचारलं तर काहीच नाही. एक-दोन दिवसांचं अंतर बरं पडतं. ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’, ‘खूप आवडले’ हे चार शब्द फळ्यावर लिहून त्या दिवसापुरते बंद करून पाहा, मुलं दुसरे शब्द शोधतात.

चित्रांवरचं मतही मतच धरा. आधीच्या पानावर आईच्या हातात बांगड्या आहेत, पुढच्या पानावर नाहीत, हे मुलं मोठ्यांच्या आधी पकडतात. इतक्या बारकाईनं पाहणारं मूल पुस्तक नीट वाचत असतं.

मी सातवीत आहे. मला कादंबरी अर्ध्यात सोडावी वाटते. अर्धवट वाचलेल्या पुस्तकावर मत दिलं तर चालतं का?
— विद्यार्थी, औसा

चालतं, पण कुठल्या पानावर सोडलंस ते आधी सांगायचं. ‘१८० पानांपैकी ४६ पानं वाचली’ असं लिहिलंस की ऐकणाऱ्याला तुझ्या मताचं वजन कळतं. मग का सोडलंस ते शोध. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. पहिलं, माणसं फार आणि नावं लक्षात राहात नाहीत. यावर उपाय सोपा आहे : खुणेच्या पट्टीवर नाव आणि नातं लिहीत जा, दहा नावांपर्यंत पट्टी पुरते. दुसरं, बोली अनोळखी आहे. कोकणातली किंवा खानदेशातली बोली असेल तर पहिली वीस पानं मोठ्यानं वाच. डोळ्यांना अडलेला शब्द कानाला कळतो. तरीही अडला तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. जुने आणि बोलीतले शब्द त्यांत पुष्कळ आहेत. तिसरं कारण म्हणजे पुस्तक तुझ्यासाठी आत्ता नाही. तेव्हा ते बिनधास्त परत कर आणि वहीत तारीख टाकून ठेव. दोन वर्षांनी पुन्हा हाती लागलं तर दोन्ही मतं शेजारी ठेवून पाहता येतील.

आमचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, वाचनालय आहे. चांगल्या पुस्तकाची एकच प्रत असते. ती दहा जणांनी वाचून त्यावर एकत्र बोलावं, हे कसं जमवायचं? शिवाय लोक पुस्तकात पेनानं रेघा ओढतात.
— ग्रंथपाल, जिंतूर तालुका

पान हे माप सोडा आणि फॉर्मा धरा, म्हणजे छापलेल्या एका मोठ्या कागदाच्या घडीतून होणारी पानं. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं १६ पानांच्या फॉर्म्यांनी बांधलेली असतात, म्हणून पानसंख्या ९६, ११२, १२८, १४४, १६० अशी येते. एक फॉर्मा मनातल्या मनात वाचायला सवयीच्या माणसाला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. रोज एक फॉर्मा धरला तर ९६ पानांचं पुस्तक सहा दिवसांत होतं. एक सुट्टीचा दिवस धरून प्रत्येकाला आठवडा द्या. दहा जणांना दहा आठवडे लागतील. इतक्या दिवसांत पहिला वाचक सगळं विसरलेला असेल, म्हणून एकट्या प्रतीवर दहा जणांचा गट करू नका. पाच जणांचे दोन गट करा आणि दोन निरनिराळी पुस्तकं फिरवा. किंवा कथासंग्रह घ्या, प्रत्येकाला दोन कथा वाटून द्या आणि सगळ्यांना मिळून एकच कथा सक्तीची ठेवा. ती बैठकीत मोठ्यानं वाचायची.

मतं जपून ठेवायची एक साधी सोय आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कागदाचं पाकीट चिकटवा आणि त्यात लांब पट्टी ठेवा. वाचणाऱ्यानं नाव न घालता वय, पान क्रमांक आणि एक वाक्य लिहायचं. ‘वय ११, पान ४०’, त्याखाली ‘वय ६८, पान ४०’ अशी नोंद आली की पुढचा वाचक ते पान उघडतोच. लेकरं वरचं वाचून तसंच उतरवतात, म्हणून लिहिलेला भाग मागं दुमडून ठेवायची सवय लावा. वर्षाअखेरीस या पट्ट्या मागणी नोंदवहीसोबत ठेवल्या तर नवी खरेदी करताना समितीला अंदाजानं पुस्तकं निवडावी लागत नाहीत. पट्टी आणि पाकीट चिकटवायला मैद्याची खळ वापरा, चिमूटभर मोरचूद घातला की कीड लागत नाही. पारदर्शक चिकटपट्टी नको, ती काही वर्षांत पिवळी पडून पानावर डाग सोडते.

रेघांवर दंडापेक्षा पट्ट्या कामाला येतात. कोऱ्या वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून देव-घेवीच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर पाच द्या. खूण करायला साधन हाती असलं की पेन कमी उघडतं. वर्तमानपत्राच्या पट्ट्या मात्र देऊ नका. त्या कागदात आम्ल असतं, महिनाभर पानात राहिली तर तपकिरी सावली उमटते.

आमच्या वाचनगटात बारा जण येतात आणि बोलतात तिघंच. त्यातला एक सगळ्यांना शिकवतो. बाया आणि मुलं मान डोलावतात. काय करावं?
— वाचनगट, अंबाजोगाई

बोलण्याचा क्रम उलटा करा. सगळ्यात लहान माणूस आधी, मग त्याहून मोठा, सगळ्यात वडीलधारं माणूस शेवटी. आपल्याकडे मोठ्या माणसानं किंवा गुरुजींनी एकदा मत दिलं की खालच्या वयाचं कुणी त्याच्याविरुद्ध जात नाही. अकरा वर्षांची पोर त्यांच्या आधी बोलली तर ती स्वतःचं बोलते. आणि शेवटी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना अकरा जणांचं ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे त्यांचंही बोलणं मुद्द्यावर येतं. एवढ्या एका बदलानं गट सुधारलेला आम्ही वारंवार पाहिला आहे, म्हणून बाकी काही जमलं नाही तरी हे कराच.

वेळेची वाटणी अशी ठेवा. आधी पाच मिनिटं पुस्तकातलं एक पान कुणीतरी वाचून दाखवायचं. मग प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये कुणीही बोलायचं नाही, बारा जणांची चोवीस मिनिटं. त्यातून जी दोन-तीन पानं पुन्हा पुन्हा आली, ती उघडून अर्धा तास मोकळी चर्चा. शेवटी दहा मिनिटं पुढच्या पुस्तकाची निवड. एकूण साधारण सत्तर मिनिटं होतात. दीड तासावर बैठक गेली की बाया उठून जातात, कारण घरी चूल असते, आणि पुढच्या वेळी त्या येतच नाहीत.

प्रत्येकाच्या दोन मिनिटांत निदान एक पान क्रमांक आलाच पाहिजे. शिकवणाऱ्या माणसाला गप्प करायला हा नियम फार उपयोगी पडतो. ‘साहित्याचं प्रयोजन’ यावर बोलू लागले की कुणीही नम्रपणे विचारावं, ‘सर, कोणतं पान?’ मतभेद झाला तरी भांडण माणसांचं होत नाही, दोघं एकाच पानावर वाकलेले असतात. ‘ही बाई चुकली’ असं एकानं म्हटलं आणि ‘पान ७३ बघा, तिला पर्याय कुठं होता?’ असं दुसऱ्यानं विचारलं की गट खरा सुरू झाला.

दिवस ठरवताना कॅलेंडरसोबत शेताकडेही पाहा. सोयाबीनची काढणी आणि त्यानंतरची कापूस वेचणी, म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, बायांना संध्याकाळ मोकळी मिळत नाही. त्या महिन्यांत बैठका बंद करण्यापेक्षा बारीक पुस्तकं घ्या आणि महिन्याऐवजी दीड महिन्यानं भेटा. खेड्यातून येणाऱ्यांसाठी आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा पडतो.

एक लहान गोष्ट : शेवट सांगावा का, हाही प्रश्न गटात निघतो. ज्यांनी पुस्तक संपवलं नाही त्यांनी सुरुवातीलाच हात वर करावा. एकही हात असेल तर शेवटच्या फॉर्म्यावर बोलणं मोकळ्या चर्चेच्या अखेरीला ठेवा, त्या माणसानं बाहेर जायचं की थांबायचं ते त्यानं ठरवावं.

सासूबाईंना वाचता येत नाही. मी वाचते तेव्हा ऐकत बसतात आणि मध्येच काहीतरी बोलतात. त्यांचं मत ‘वाचकाचं मत’ म्हणून पाठवता येईल का? आणि त्यांना काय वाचून दाखवावं?
— गृहिणी, माजलगाव

अवश्य पाठवा. मध्येच जे बोलतात तेच मत, त्यासाठी वेगळं काही विचारायची गरज नाही. त्या जिथं बोलल्या त्या ओळीशी पेन्सिलीनं बारीक टिंब करा (पुस्तक घरचं असेल तर, नाहीतर पट्टी ठेवा) आणि रात्री त्यांचं वाक्य आहे तसं उतरवा. ‘तिनं माहेरी जायाला नको व्हतं’ असं म्हणाल्या तर ‘तिने माहेरी जायला नको होते’ असं लिहू नका. बोली पुसली की बोलणारं माणूसही पुसलं जातं.

वाचनाचा वेग लक्षात घ्या. मोठ्यानं, सावकाश वाचताना मिनिटाला शंभरेक शब्द होतात. नेहमीच्या आकाराच्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द असतात, म्हणजे पानाला तीन मिनिटं. वीस मिनिटांत सहा-सात पानं. याहून लांबवलं तर तुमचा घसा बसतो आणि ऐकणाऱ्याची तंद्री लागते. म्हणून आधीच तुकड्यांत लिहिलेली पुस्तकं घ्या. ‘श्यामची आई’ ४२ रात्रींमध्ये विभागलेलं आहे, एका बैठकीला एक रात्र हा तर लेखकानंच पाडलेला बेत. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना त्यातल्या आईची शिस्त कुठं पटते, कुठं पटत नाही, हे ऐकण्यासारखं असतं. संवाद जास्त असलेली पुस्तकं ऐकायला सोपी जातात. लांबलचक निसर्गवर्णनं आणि पल्लेदार वाक्यं डोळ्यांसाठी असतात, कानाला ती निसटतात.

चूक एकच होते : वाचणारी सून मध्येच समजावून सांगू लागते. अडल्याशिवाय सांगू नका.

रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, काळावरचं पुस्तक आजोबांना वाचून दाखवलं. ते नव्वदीत आहेत. ‘हे असं नव्हतं झालं’ असं तीन-चार ठिकाणी म्हणाले. अभिप्रायात काय लिहू? पुस्तक चूक की आजोबा?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, भोकर

निकाल द्यायची घाई करू नका. तुमच्या हाती दोन साक्षी आहेत आणि दोन्ही मोलाच्या आहेत. वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात पान क्रमांक आणि पुस्तकातलं वाक्य, दुसऱ्यात आजोबांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत, तिसऱ्यात त्यांनी हे स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि ऐकलं तर कुणाकडून. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नव्वदीतला माणूस १७ सप्टेंबर १९४८ ला, हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा, फार तर शाळकरी वयाचा होता. गावच्या वेशीतून गेलेली माणसं त्यानं पाहिलेली असू शकतात, पण हैदराबादेत काय ठरलं हे त्याला मोठ्यांकडून कळलेलं असणार. आजोबांचा मान ठेवूनच हे विचारता येतं : ‘तुम्ही तेव्हा कुठं उभे होतात?’ असं विचारा, आठवण नेमकी होत जाते.

मग विसंगतीचं साधं कारण आहे का ते पाहा, कारण निम्म्या वेळा भांडण तारखेचं किंवा नावाचं असतं. निजामी राजवटीत फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याची कालगणना, चालायचा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदलायचं म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. आजोबा ‘सत्तावन्न साली’ म्हणत असतील तर ते १९५७ नसून १३५७ फसली असू शकतं, म्हणजे १९४७-४८. तसंच जिल्ह्यांचं. हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे पाचच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. पुस्तकात ‘परभणी जिल्ह्यातलं गाव’ असेल आणि आजोबा ‘हिंगोलीकडचं’ म्हणत असतील, तर दोघंही बरोबर असू शकतात.

एवढं करूनही फरक उरला तर अभिप्रायात तो तसाच ठेवा : ‘पान ११२ वर असं म्हटलं आहे, आमच्या गावातल्या एका प्रत्यक्षदर्शी वृद्धांची आठवण अशी आहे.’ पुस्तक कादंबरी असेल तर लेखकानं घटना मुद्दाम बदललेली असू शकते, ते कधी कधी प्रस्तावनेत सांगितलेलं असतं, तेवढं आधी तपासा. आणि हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. मोबाइलवर आवाज मुद्रित करा, सुरुवातीला तारीख आणि गाव बोला, आणि ती फाइल निदान दोन ठिकाणी ठेवा.

गावातल्याच कवीनं स्वखर्चानं संग्रह काढला. प्रकाशनाला मला बोलायला सांगितलं आहे. कविता फारशा आवडल्या नाहीत. खोटं बोलवत नाही.
— वाचक, सेलू

खोटं बोलू नका आणि प्रकाशनाच्या दिवशी चिरफाडही करू नका. संग्रहात साठ कविता असतील तर चार तरी चांगल्या ओळी असतात. त्या शोधायला संग्रह दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्यानं. त्या ओळी पान क्रमांकासह वाचून दाखवा आणि त्या का लागल्या ते सांगा. दहा मिनिटं त्यातच जातात. न आवडलेलं कवीला घरी जाऊन, आधी किंवा नंतर, समोरासमोर सांगा, आणि तेही नेमकं : ‘पान २२ वरची शेवटची दोन कडवी आधीच्याच गोष्टी पुन्हा सांगतात, ती काढली तर?’ ‘कविता जमली नाही’ या वाक्याचा त्याला काहीच उपयोग नाही.

आणखी एक खरी मदत करता येते. स्वखर्चाच्या पुस्तकांत मुद्रणाच्या चुका फार राहतात. ‘पान ३४, वरून ओळ ७, “विरह” ऐवजी “विहर”’ अशी यादी करून द्या, पुढच्या आवृत्तीला ती कामी येते. आपल्या भागात याला मोठा वारसा आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला.

पुस्तकाचं परीक्षण लिहून मासिकांना पाठवतो, छापून येत नाही. काय चुकत असेल?
— निवृत्त कर्मचारी, जालना

परत गेलेल्या परीक्षणांत तीन दोष सारखे दिसतात. तीन चतुर्थांश मजकूर कथानकाचा असतो. मलपृष्ठावरची पाठराखण थोडे शब्द बदलून आलेली असते, आणि संपादक मलपृष्ठ वाचतातच. तिसरा दोष विशेषणांचा : ‘अंतर्मुख करणारी’, ‘वाचकाला खिळवून ठेवणारी’. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला लागतात, म्हणून तुमच्या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाहीत.

तीनशे शब्दांचा हिशेब असा करून पाहा. पुस्तक कशाबद्दल आहे याला चाळीस शब्द. एक किंवा दोन जागा निवडून तिथं लेखकानं काय केलं आहे याला दीडशे, त्यात तीन ओळींपर्यंतचं एक अवतरण. कुठं अडलं याला साठ. कुणी वाचावं याला उरलेले पन्नास, आणि तिथंही ‘सर्वांनी वाचावं’ नको, ‘ज्यांनी एकत्र कुटुंबात वाटण्या पाहिल्या आहेत त्यांनी’ असं. वर पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती आणि साल, पानं, किंमत. हे सगळं शीर्षकपानाच्या मागं मिळतं. आवृत्ती विसरू नका. नव्या आवृत्तीत अक्षर मोठं केलं की पानं सरकतात, आणि तुमचं ‘पान ८८’ दुसऱ्याच्या प्रतीत ९७ होतं.

गटासाठी एका पुस्तकाच्या झेरॉक्स काढल्या, पीडीएफही फिरवतो. एकानं हरकत घेतली. यात गैर काय?
— वाचक, लातूर

हरकत बरोबर आहे. लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क त्याचा आणि वारसांचा असतो, ही ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचं निधन १९५० चं, परभणीच्या बी. रघुनाथांचं १९५३ चं. त्यांनी हयातीत छापलेलं लेखन आता मोकळं आहे. हयात लेखकांचं नाही. अनुवादाचा हक्क वेगळा असतो : मूळ रशियन लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी मराठी अनुवाद काल-परवाचा असेल तर तो मोकळा नाही. मतासोबत चार ओळी उद्धृत करायला अडचण नाही. मुलांसाठी फुकट आणि रीतसर वाचायचं असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर खुले आहेत. गटानं प्रत्येकी पन्नास रुपये काढले तर दोन-तीन प्रती सहज येतात, एवढा लेखकाचा मान ठेवावा.

आमच्या शाळेतली बरीच मुलं दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. तोवर वाचायची गोडी लागलेली असते, परत येतात तेव्हा सुटलेली असते. त्यांना पुस्तकं द्यावीत का? हरवली तर?
— शिक्षक, पाटोदा तालुका

द्यावीतच. हरवतील असं धरून द्या. शाळेच्या नोंदवहीत दाखल असलेल्या पुस्तकांतली देण्यापेक्षा यासाठी वेगळा संच करा. १६ ते ३२ पानांची, पिनांनी शिवलेली, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, एका मुलाला पाच. जाड पुस्तक कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, टिकत नाही, वाचायला सलग वेळही मिळत नाही. पुस्तकं झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि ती कापडी पिशवीत, कारण कोपीत दव, चुलीचा धूर आणि उसाचं पाचट, तिन्हींचा मारा असतो. पिशवीत पेन्सिल आणि पोस्टकार्डाएवढे दहा कोरे कागद ठेवा. कागदांवर आधीच ‘पान क्रमांक ___ वर’ असं छापलेलं असेल तर मूल लिहायला लवकर लागतं.

पाचही पुस्तकं सगळ्यांना सारखी देऊ नका. एकाच टोळीत आपल्या शाळेची तीन मुलं असतील तर तिघांना निरनिराळी द्या, मग पंधरा पुस्तकांची अदलाबदल होते. हंगामी वसतिगृहात मागं राहिलेल्या मुलांना त्याच संचातलं एखादं पुस्तक द्या, म्हणजे गावातलं आणि फडावरचं (ऊसतोडीच्या शेतावरचं) मूल एकाच पुस्तकावर बोलू शकतं. रविवारी संध्याकाळी वडिलांच्या फोनवरून नव्वद सेकंदांचा आवाजी संदेश मागवा : पुस्तकाचं नाव, पान, एक वाक्य. उत्तर शाळेतल्या मुलानं पाठवायचं, शिक्षकानं नाही. शिक्षकाचं उत्तर गेलं की मूल त्याला गृहपाठ समजतं. फडावर रेंज नसेल तर संदेश तीन-चार दिवसांनी येतो, तोवर आठवण करून देऊ नका. गाडी भरायची असेल त्या रात्री आईबाप दमलेले असतात आणि फोन मुलाच्या हाती लागत नाही.

मुलं परत आल्यावर पहिल्या दिवशी पुस्तकं मोजू नका. आधी कागद मागा, मग पुस्तकं आपोआप पिशवीतून बाहेर येतात. कोपरे दुमडलेलं, धुराचा वास लागलेलं पुस्तक पुन्हा त्याच संचात ठेवा, पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलाला आधीच्या मुलाचा कागद त्यातच सापडू द्या.